ओढ्याकाठचा वानवळा

नाव साखराबाई आणि जीभ कारल्याची, असं मुरुडात तिच्या तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण तशी कुणाची टाप नव्हती. पाठीमागं मात्र झाडून सगळे म्हणत. उंच, गोरी, पदर कायम कमरेला खोचलेला. गावात लग्न असो की बारसं, आमटीला चव आणायची तर साखराबाईच्याच हातानं, हे आजूबाजूच्या चार खेड्यांना ठाऊक होतं. पण बाई जळकी. म्हणजे किती जळकी? शेजारणीची म्हैस दोन शेर दूध जास्त द्यायला लागली तर हिला अन्न गोड लागायचं नाही, आणि हिच्या स्वतःच्या दारात दोन म्हशी बांधलेल्या!

तिची बाजूही सांगायला पाहिजे. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, कूस उजवली नाही, म्हणून तिच्या मालकांनी, अमृतरावांनी, दुसरी केली. साखराबाईच्या संमतीनं केली म्हणे. संमती! नवरा समोर मांडी घालून बसतो, सासू पदर पसरते, चार पाव्हणे दारात चपला काढून वाट बघतात, आणि बाईनं खालमानेनं 'बरं' म्हणायचं. त्याला संमती म्हणायची तर म्हणा बापडे. दुसरी आली ती पार मुखेडकडची, सिंधु तिचं नाव. काळीसावळी, बारकी, मोजकं बोलणारी. आली, आणि बघता बघता दोन लेकरांची आई झाली. मग एका घरात दोन चुली झाल्या, मधे कमरेएवढी भिंत उठली. विहिरीकडचा मळा साखराबाईच्या नावानं तोडून दिला, चोळीबांगडीला म्हणून. मालक मात्र त्या बाजूला जेवत, त्याच बाजूला निजत. तंबाखूची चंची विसरली तरच हिच्या ओट्यावर दिसत. भिंतीपलीकडून लेकरांचं हसणं आलं की साखराबाई उगीच भांडी आदळायची.

निजामाच्या अमलातली ती अखेरची वर्षं. तिकडं कुठंतरी मोठी लढाई चाललेली, इकडं लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीच्या, हुकमानं जवारीची पोती गाड्या भरभरून निघून गेलेली, त्यात पावसानंही हात आखडता घेतलेला. ज्यांच्याकडं रान होतं त्यांनी धान्याची पेवं लपवली. ज्यांच्याकडं नव्हतं त्यांची लेकरं दुपारी उकिरड्यावर काय मिळतं ते बघत फिरायची. तेव्हा आप्पासाहेब नावाचे गावात एक अडत्ये होते. कापसाचं गोदाम रिकामं पडलेलं होतं. त्यांनी ते झाडून घेतलं आणि दवंडी दिली, की गावातल्या गोरगरिबांच्या लेकरांनी दुपारचं जेवण इथं करावं. रांधायला साखराबाईला बोलावलं.

ती पहिल्यांदा नाक मुरडूनच गेली. म्हणाली, "आप्पासाहेब, मी लग्नातल्या पंगतीला हात लावनारी. कण्या शिजवायला कुनीबी मिळंल की तुमास्नी." पण पहिल्याच दिवशी जवारीच्या कण्या आणि तुरीच्या डाळीची आमटी तिनं वाढली, आणि आठेक वर्षांची एक पोर द्रोण पुढं करून म्हणाली, "अक्का, आनिक." मग दुसऱ्यानं म्हटलं. मग सगळं गोदाम "अक्का, अक्का" करायला लागलं. साखराबाईनं डाव आमटीत बुडवला आणि तिला काही दिसेना, डोळे भरून आलेले. चुलीच्या धुरावर ढकललं तिनं. त्या दिवसापासून ती लेकरं तिची झाली. मालक वाटून गेले, घर वाटून गेलं, इथं मात्र वाटणी नव्हती. गोदामाच्या दारात ती अशी उभी राहायची, की जणू ह्या चाळीस-पन्नास जणांना तिनंच जन्म दिलाय.

ती आठ वर्षांची पोर म्हणजे धुरपी. तिची माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, बाप नव्हता. धुरपी बोलायला तिखट, हसायला मोकळी, पण ऊन उतरायला लागलं की पोर गप्प व्हायची. सावल्या लांबल्या की भिंतीला हात लावून घर गाठायची. साखराबाईला वाटलं, भित्री आहे. मग लातूरहून दवाखान्यातले एक डाक्टर आप्पासाहेबांकडं मुक्कामाला आले, त्यांनी लेकरांच्या पापण्या वर करून बघितल्या आणि सांगितलं, की हिला रातांधळं आहे, आणि आणखी पाचसहा जणांना ते होऊ घातलंय. असंच चाललं तर दिवसाची नजरही जाईल. औषध काय? तर हिरवी पालेभाजी. तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला, जे मिळंल ते. रोज.

हात्तिच्या, एवढंच ना, असं साखराबाई म्हणाली. ओढ्याच्या काठाला तांदुळजा माजलेला होता. तिनं टोपलंभर खुडून आणला, लसणाची फोडणी दिली, दाण्याचं कूट घातलं. वास असा सुटला की पेठेतला माणूस वळून बघील. आणि पंगतीत वाढल्यावर एकाही लेकरानं बोट लावलं नाही.

"खा की गं!" तिनं धुरपीला दरडावलं.

"पाला हाय त्यो," धुरपी म्हणाली. "पाला खायाला आमी काय शेळ्या हाव?"

सगळी पंगत खिदळली. पण पोर थट्टा करत नव्हती. गेलं अख्खं वर्ष त्या घरांनी तेच खाल्लं होतं, ओढ्याचा पाला, मिठाशिवाय उकडून, भाकरीशिवाय. त्याच्या वासानंच लेकरांना उपाशी रात्री आठवायच्या. आणि गावातली खात्यापित्या घरची पोरं त्यांना रस्त्यात "पालेखाऊ" म्हणून चिडवायची. गोदामात आल्यावर तरी तो ताटात नको, एवढंच त्यांचं म्हणणं. साखराबाईच्या डोक्यात हे कुठलं शिरायला? ती जन्मात कधी उपाशी निजली नव्हती. तिला वाटलं, लेकरं माजली. मग तिनं तिचा खाक्या काढला. आधी भाजी संपवा, मगच कण्या. भाजी टाकाल तर पाठीत लाटणं. झालं, लेकरांनी भाजी द्रोणाखाली लपवली, कमरेच्या फडक्यात बांधली, दारातल्या शेळीला घातली. शेळी गुबगुबीत झाली. धुरपी आपली भिंतीला हात लावूनच घरी जात होती.

लेकरं वाढली, तसं एकटीच्यानं आवरेना. आप्पासाहेबांनी अमृतरावांना निरोप धाडला, की घरातलं आणखी एक माणूस मदतीला द्या. आणि अमृतरावांनी, शहाण्या माणसानं, सिंधुला धाडलं.

साखराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. घर गेलं, मालक गेले, आता हिचं इथंही बोट शिरणार! तिनं सिंधुला चुलीजवळ फिरकूच दिलं नाही. "भांडी घास, द्रोण मांड. वाढायला मी हाय." सिंधु बरं म्हणाली. ती नेहमी बरंच म्हणायची, आणि त्याचाच साखराबाईला जास्त राग यायचा. भांडायला तरी उठावं की माणसानं!

दोनचार दिवस सिंधु गप्प बघत राहिली. मग एक दिवस भाजी शिजली तशी तिनं ती एका टोपलीतल्या पातेल्यात काढली, वर स्वच्छ धडपा झाकला, टोपली कमरेवर घेतली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. साखराबाई बघतच राहिली. सिंधु गोदामाला वळसा घालून पुढच्या दारात आली आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून मोठ्यानं हाक दिली, "कोन हाय का गं घरात? वानवळा आनलाय!"

लेकरं चपापली. वानवळा! मळ्यात पहिली मेथी निघाली, पहिली गाजरं निघाली, की टोपलीत घालून नात्यातल्या, शेजारच्या घरी धाडायची, त्याला वानवळा म्हणतात. तो विकत नसतो आणि भीक नसतो. त्याला नको म्हणणं म्हणजे घराचा अपमान, आणि घरातल्या प्रत्येकानं त्यातला घासभर तरी खायचाच, हा रिवाज आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"घरात कुनी बाईमानूस हाय का न्हाई?" सिंधुनं पुन्हा विचारलं. "का मी तशीच माघारी जाऊ?"

धुरपी उठली. तिनं फाटक्या झंपराचा काठ डोक्यावरून ओढल्यासारखा केला, थेट मोठ्या बाईसारखी चालत दाराशी गेली आणि टोपलीला दोन्ही हात लावून म्हणाली, "या की मावशी. कुनाच्या मळ्याचा म्हनायचा?"

"तुझ्या मामाच्या."

"कोनचा मामा? मला मामा न्हाई."

"आसं कसं? लई लांबचा हाय. त्यानं सांगितलंय, आमच्या भाचीला दे आन् समद्यांना पुरवून वाढ म्हनावं."

पंगतीत हशा पिकला. धुरपीनं स्वतःच्या हातानं प्रत्येकाला वाढलं, आग्रह करून करून, आणि वानवळा म्हटल्यावर लेकरांनी खाल्लं. आधी घासभर. मग चव लागली तसं आणखी. शेवटी पातेलं बोटांनी पुसून काढलं. त्या दिवशी कुणी शेळीकडं बघितलंसुद्धा नाही.

मग तो रोजचा खेळच झाला. कधी मामाचा वानवळा, कधी आत्याचा, कधी "तुमच्या व्याह्यानं धाडलाय, नीट खावा न्हाईतर सोयरीक मोडंल." लेकरं सकाळपासून वाट बघायची, आज वानवळा कुणाकडनं? घोळीची भाजी त्यांना आवडायला लागली, शेवग्याचा पाला घातलेलं पिठलं तर मागून मागून खायची. सिंधुला सगळी "वानवळामावशी" म्हणायला लागली. साखराबाई तिकडं मोठ्या पातेल्याशी उभी, आणि तिच्याकडं कण्या मागायलाही कुणी धड वळून बघेना. तीच चूल, तीच फोडणी, शिजवलेलं तिनंच! आणि नाव कुणाचं? धाकटीचं.

काय वाटलं असेल तिला? पोटात निखारे पडले. घरी जाऊन ती जेवत नसे. भिंतीपलीकडं सिंधुची लेकरं हसायची ती एक वेळ चालली असती, ती तिच्या पोटची होती. पण धुरपी? धुरपी तर हिनं पहिल्या दिवशी वाढलेल्या द्रोणातून हिची झाली होती. आता ती पोर जेवण झाल्यावर सिंधुच्या मांडीला टेकून केस विंचरून घ्यायची. आणि वाईट म्हणजे पोरीला गुण येत होता. ऊन कलल्यावरसुद्धा ती थोडा वेळ खेळत थांबायला लागली होती. आप्पासाहेब एकदा दारात उभं राहून म्हणाले, "साखराबाई, धाकटीनं कमाल केली हो." साखराबाई म्हणाली, "हाव, केली की." आणि हातातली पळी अशी ठेवली की वैलावरचं पातेलं हललं.

त्या आठवड्यातच ते घडलं. सिंधु टोपली घेऊन दारात आली, आज आत्याचा वानवळा होता. धुरपीनं विचारलं, "आत्याच्या मळ्यात काय काय हाय वो मावशी?" सिंधु सांगायला लागली, "लई मोठी हीर हाय, मोट चालतीया, आंब्याची झाडं..." लेकरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. साखराबाईला ते सहन झालं नाही. ती ताडताड पुढं आली.

"कसली आत्या आन् कसला मळा गं? ओढ्याचा पाला हाय त्यो! सकाळी मी खुडून आनलाय. तुमीच वर्सभर खाल्ला त्योच पाला! येडी बनवून राहिली ती तुमाला, आन् तुमी बनून राहिला!"

 धुरपीचा कण्यांचा घास हातातच राहिला. तिनं सिंधुकडं बघितलं. "खरंच का मावशी?"

सिंधुनं काहीतरी म्हणायला हवं होतं. ती टोपलीवरचा धडपा नीट करत राहिली. आता, लेकरांना ओढ्याचा तांदुळजा ओळखू येत नव्हता असं कुणी समजू नये. वर्षभर जो खाल्ला तो ओळखू येणार नाही होय? त्यांना सगळं कळत होतं. पण कळणं वेगळं आणि चारचौघांत तोंडावर फेकणं वेगळं. धुरपीनं घास द्रोणात ठेवला, उठली, हात धुतले आणि बाहेर गेली. एकेक करून बाकीची उठली.

दुसऱ्या दिवसापासून सिंधु आली नाही. साखराबाईला हवं होतं ते सगळं मिळालं. चूल तिची, पंगत तिची, वाढपही तिचंच. लेकरं यायची, कण्या खायची, भाजी बाजूला सारायची. "अक्का, आनिक" कुणी म्हणेना. तिनं एकदा स्वतः टोपली घेऊन दारात हाक देऊन बघितली, "वानवळा आलाय गं!" एका पोरानं मान वर न करता म्हटलं, "ठेवा तिकडं, शेळीला घालतो." ती टोपली घेऊन तशीच उभी राहिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

पंधरवडा गेला असेल नसेल. दिवेलागणीला साखराबाई गोदामाला कडी घालून निघाली तर वाटेवर रडणं ऐकू आलं. धुरपी गुरांच्या हौदावर आदळून पडली होती. हनुवटी फुटलेली, झंपर रक्तानं भिजलेला. मुख्य म्हणजे उजेड अजून पुष्कळ होता. साखराबाईला समोरच्या पिंपळाचं पान न् पान दिसत होतं. पोर मात्र हवेत हात चाचपत म्हणत होती, "कोन हाय? मला घरी न्ह्या. कोन हाय?"

"मी हाय. अक्का."

पोरीनं हात आखडून घेतला.  साखराबाईनं तिला उचललं, जखमेवर हळद दाबली, घरी पोचवलं. धुरपीची माय म्हणाली, "उपकार झाले अक्का." त्या उपकारानं साखराबाईला जेवढं लागलं तेवढं कुणाच्या शिवीनं लागलं नसतं.

ती घरी आली आणि तशीच भिंतीला वळसा घालून पलीकडं गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सिंधु भाकरी थापत होती, लेकरं जेवत होती. मालक ओट्यावर होते, ते दोघींना एका ठिकाणी बघून शहाण्यासारखे चावडीकडं निघून गेले.

"उद्या गोदामात यायचं," साखराबाई म्हणाली.

"कशाला अक्का?"

"लेकरं भाजी खाईनात."

"तुमच्या हातची चव कुनाला नगं हाय?"

"तोंड नगं चालवूस. धुरपी पडली. हनुवटी फुटली तिची." साखराबाई चुलीपुढं बसली. "टोपली घ्यायची, हाक मारायची, यवढंच करतीस ना तू? मीबी केलं की. माझ्याकडनं का घेईनात ती?"

सिंधुनं भाकरी उलटली.  मग तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली, "दारावरनं वानवळा पुढं जातो, तवा कसं वाटतं, ते तुमास्नी ठाव न्हाई अक्का. म्हायेरला आमचं रान कोरडं. आमच्या दारात कुनी टोपली आनली न्हाई. ह्यांच्याकडनं माघारी काय यायचं, आसं म्हनायचे. त्या लेकरांचंबी तसंच. त्यांच्या उंबऱ्यावर उभं राहून हाक कुनी मारली न्हाई. ती हाक हवी आसती, अक्का. भाजीचं काय?"

"मग?"

"मग लगीन होऊन हितं आले. म्हनलं, मळ्याचं घर हाय." सिंधुनं लेकरांकडं बघितलं नाही. "तुमच्या मळ्याची गाजरं निघाली की साऱ्या गल्लीत जातात. माझ्या दारावरनं जातात. थोरला येकदा तुमच्या गड्याच्या मागं पार चावडीपातूर पळत गेला. त्याला वाटलं, गडी आपलं घर इसरला. म्हनून सांगाया गेला, आमी हितं ऱ्हातो म्हनून."

 साखराबाईला आधी रागच आला, खरं सांगायचं तर. एवढी वर्षं तोंडातून शब्द काढला नाही आणि आज असा मोका साधून मारते, मुखेडची मुकी! पण थोरला भाकरीचा तुकडा हातात धरून तिच्याकडं टकमका बघत होता, आणि त्याचं नाक हुबेहूब मालकांचं होतं. ती उठली आणि आपल्या बाजूला आली.

सकाळी ती मळ्यात गेली. शेपू, चुका, कोवळी मेथी खुडली, गाजरं उपटून विहिरीवर धुतली. पहिली टोपली घेऊन ती भिंतीला वळसा घालून गेली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.  घसा दोनदा खाकरला. शेवटी एकदाची म्हणाली, "कोन हाय का घरात? वानवळा हाय."

सिंधु बाहेर आली. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, जसा पाव्हण्यांसमोर ओढतात, आणि टोपली घेतली. थोरल्यानं आईला न विचारता गाजर उचललं. साखराबाई म्हणाली, "धुतलेलं हाय, खा." आणि मागं न बघता निघाली.

दुसरी टोपली तिनं भर दिवसा, सगळ्या पेठेतून, धुरपीच्या दारात नेली. साखराबाईसारखी बाई त्या वस्तीत टोपली घेऊन निघाली म्हटल्यावर बाया दारादारांत आल्या. तिनं मोठ्यानं हाक दिली. धुरपीची माय बाहेर आली ती घाबरूनच. टोपली आत नेऊन रिकामी करून आणली आणि दारातच घुटमळली, कारण वानवळ्याची टोपली रिकामी परत धाडायची नसते. तिच्या घरात दाणा नव्हता. शेवटी तिनं ओढ्यावरनं आणलेला मूठभर तांदुळजा टोपलीत ठेवला आणि खाली मान घातली. "यवढंच हाय अक्का. लाज वाटून राहिली मला."

"कसली लाज? लई झालं की!" साखराबाई म्हणाली, आणि टोपली अशी डोक्यावर घेतली जणू तिच्यात पेढे आहेत.

दुपारी तिनं ती मूठभर भाजी रोजच्या तांदुळज्यात मिसळून मोठ्या पातेल्यात घातली, सिंधुला चुलीशी घेतलं आणि पंगतीसमोर उभी राहिली. "ऐका. आज वानवळा हाय, आन् ह्यो खोटा न्हाई. धुरपीच्या मायनं धाडलाय. ओढ्याचा तांदुळजा हाय. ज्याला धुरपीच्या घरचं नगं आसंल त्यानं उठावं."

कुणी उठलं नाही. धुरपी हनुवटीला फडकं बांधून बसली होती. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि म्हणाली, "आमच्या घरचा हाय. वाढा की." सिंधुनं वाढलं. पोरीनं पहिला घास घेतला तो सिंधुकडं बघून. साखराबाईच्या पोटात पुन्हा निखारा पडला, अगदी पहिल्यासारखाच. तिनं मात्र डाव उचलला आणि कण्या वाढायला घेतल्या. पुढं तर घराघरांत चढाओढ लागली, आज आमचा वानवळा, उद्या आमचा. कुणाची घोळ, कुणाचा शेवगा, कुणाची मूठभर चिवळ. शेळी पुन्हा रोडावली.

हिवाळा सरत आला होता. साखराबाई दिवेलागणीला ओट्यावर वाती वळत बसली होती. अंधार बऱ्यापैकी पडलेला. बोळातून धुरपी येताना दिसली, कमरेवर टोपली, वर धडपा. साखराबाईनं लगबगीनं वाती खाली ठेवल्या आणि दोन्ही हात पुढं केले. "आन गं, आन. काय आनलंस?"

"तुमचा न्हाई अक्का," धुरपी म्हणाली. "मावशीचा हाय."

साखराबाईचे हात तसेच राहिले. जळलं की नाही? जळलं! पाजी पोर, हनुवटीला हळद कुणी लावली होती गं तुझ्या? पोर तिच्यासमोरून, ओट्यावर टेकलेल्या मुसळाला वळसा घालून, निजलेल्या कुत्र्याला ओलांडून भिंतीपलीकडं निघाली, आणि तेव्हा साखराबाईच्या ध्यानात आलं, की पोरीचा एक हात टोपलीला होता आणि दुसरा नुसताच मोकळा हलत होता.

"हळू जा गं," ती ओरडली. "तिथं पायरी हाय!"

"दिसून राहिली की मला," धुरपी म्हणाली, आणि पायरी उतरून गेली.